वाचकांचे प्रश्न : गाडीचे पासिंग खरेच उपयोगाचे आहे का?

प्रश्न : माझी पेट्रोलवरची मोटार आता पंधरा वर्षांची होत आली असून तिच्या नोंदणीची मुदत लवकरच संपते. ती वाढवण्यासाठी पासिंग, म्हणजे गाडीची सरकारी तपासणी, करावी लागणार. गाडी मी जपून वापरली आहे. आठवड्यातून दोनदा बाजार आणि महिन्यातून एकदा गावी जाणे, एवढेच तिचे फिरणे. एजंट म्हणतो, ‘गाडी आणायची गरज नाही, कागद द्या, काम होऊन जाईल.’ टेक्सासमध्ये राहणारा माझा मुलगा सांगतो की तिकडे ही तपासणीच बंद केली आहे. मग आपण तिच्यापायी पैसे आणि दिवस का घालवायचा? गाडी चालवणाऱ्याला तिचा काही फायदा आहे का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : फायदा आहे, मात्र गाडी प्रत्यक्ष तपासली गेली तरच. म्हणून आधी तुमच्या मुलाच्या म्हणण्याकडे वळतो, कारण ते खरे आहे आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही.

टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. व्यावसायिक वाहनांची तपासणी चालू ठेवली आणि मोठ्या शहरांच्या परिसरात धुराची चाचणीही कायम ठेवली. त्याआधी न्यू जर्सी राज्याने २०१० मध्ये हेच केले होते, आणि तिथल्या अपघातांची इतर राज्यांशी तुलना करणाऱ्या अभ्यासकांना तपासणी बंद झाल्यामुळे अपघात वाढल्याचे आढळले नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २००७ मध्ये मांडलेला निष्कर्ष तर अधिक विचार करायला लावणारा आहे : तपासणीमुळे गाड्यांमधील दोष पुष्कळ कमी झाले, पण अपघातांच्या प्रमाणात त्यामुळे घट झाल्याचे दिसले नाही. बहुतेक अपघात वेगामुळे, थकव्यामुळे, दारूमुळे किंवा बेफिकिरीमुळे होतात; निव्वळ गाडीतल्या बिघाडामुळे होणारे अपघात त्या मानाने थोडे असतात. त्यामुळे तपासणीचा परिणाम एकूण आकडेवारीत सहज दिसत नाही.

तरीही मी तपासणीच्या बाजूचा आहे. अमेरिकेतल्याच पेन्सिल्व्हेनिया राज्यातील नोंदी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये तपासल्या, तेव्हा हलक्या वाहनांपैकी १२ ते १८ टक्के वाहने सुरक्षा तपासणीत नापास होत असल्याचे त्यांना आढळले. दर वर्षी तपासल्या जाणाऱ्या गाड्यांची ही स्थिती आहे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांसाठी होते आणि त्या पंधरा वर्षांत ती मोटार सुरक्षेच्या दृष्टीने वर उचलून पाहण्याचे बंधन कोणावरही नाही. ब्रिटनमध्ये नवी मोटार तीन वर्षांची झाली की तिची दर वर्षी चाचणी होते, आणि ही मुदत चार वर्षांवर नेण्याचा विचार तिथल्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये सोडून दिला. जर्मनीत पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी होते. आपली पहिलीच तपासणी पंधराव्या वर्षी होते, हा माझ्या मते आपल्या नियमांतला खरा दोष आहे, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत ती वेळ आता आलेली असताना एजंटच्या सोयीसाठी ती हुकवणे मला अजिबात पटत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी फेरनोंदणीच्या आधी मी माझी मोटार ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. टायर बाहेरून पाहिले तर नक्षी चांगली खोल होती आणि मी ते बदलायला तयार नव्हतो. त्याने गाडी रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावून बॅटरीच्या उजेडात पुढच्या डाव्या टायरची आतली कडा दाखवली. तिथे रबर संपून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या. चाकांची अलाइनमेंट बिघडल्यामुळे टायर फक्त आतून झिजत होता, आणि उभ्या माणसाला ती बाजू कधीच दिसत नाही. शेजारच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेले होते. त्याच टायरवर मी आदल्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन घाट उतरलो होतो. गाडी जपून वापरत होतो, वेळेवर ऑइल बदलत होतो, आणि तरीही मला याची कल्पना नव्हती.

तुमची गाडी कमी फिरते, म्हणून ती सुरक्षित आहे असे समजू नका. टायरचे रबर न फिरताही कडक होते आणि त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. तिथे ३२१४ असे असेल तर तो टायर २०१४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. हे आकडे आजच पाहा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळू शकते आणि पेडल पोकळ लागते. सातारकराला घाट टाळता येत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आता एजंटविषयी. गाडी न पाहता मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे विकत घेतलेला कागद आहे. पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, आणि तिच्यामुळेच वाहनांची ब्रेक चाचणी २५० मीटर लांबीच्या चाचणी मार्गावर घेण्याचा मुद्दा राज्यात ऐरणीवर आला. एका नागरिकाला त्यासाठी न्यायालयात जावे लागले, हे विसरू नये. नोंदणी संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्या काळात गाडी आधी चांगल्या गॅरेजमध्ये रॅम्पवर तपासून घ्या, दोष काढा आणि मग ती स्वतः पासिंगला घेऊन जा. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून तपासणी न करून घेणे हे तुमचेच नुकसान आहे. आणि मुदत उलटू देऊ नका. वैध नोंदणी नसलेल्या गाडीच्या चोरीचा विमा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केला आहे.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो. रिक्षा नऊ वर्षांची असल्याने दर वर्षी पासिंग करावे लागते. त्याआधी रंग, सीट, टायर, मीटर यांचा खर्च होतो आणि पासिंगच्या दिवशीचा धंदा बुडतो. खासगी मोटारवाल्याला पंधरा वर्षे कोणी विचारत नाही. हा आमच्यावर अन्याय नाही का?
(एक रिक्षाचालक, कल्याण)

उत्तर : तुमची तक्रार निम्मी मला मान्य आहे. प्रवासी आणि मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि खासगी मोटारींना तेवढी मोकळीक असणे मलाही समर्थनीय वाटत नाही. रांगेत अर्धा दिवस जातो, रंगाच्या टवक्यावरून गाडी परत पाठवली जाते आणि ब्रेककडे धड पाहिले जात नाही, असे जिथे घडते तिथे तुमचा राग रास्तच आहे. रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्या माणसाला ठरलेली वेळ मिळाली पाहिजे आणि त्या वेळेला त्याचे काम झाले पाहिजे.

पण दर वर्षी तपासणी व्हावी, हे मात्र योग्य आहे. तुमची रिक्षा दिवसाला दहा-बारा तास चालते, खड्ड्यांतून जाते आणि तिच्यात बसणाऱ्या प्रवाशाला तिचे ब्रेक लायनर किती उरले आहेत हे कळण्याचा काही मार्ग नसतो. तो तुमच्यावर विश्वास ठेवून मागे बसतो. पासिंगपुरते चांगले टायर लावायचे आणि संध्याकाळी काढून परत द्यायचे, ही पद्धत तुम्हालाही ठाऊक असेल. तीत पैसे वाचल्यासारखे वाटते, पण पावसाळ्यात घसरणारी रिक्षा तुम्हीच चालवत असता. शिवाय कायद्याने योग्यता प्रमाणपत्र नसलेले वाहतूक वाहन नोंदणीकृतच मानले जात नाही, म्हणजे अपघात झाला तर विम्याचा वादही तुमच्याच गळ्यात पडतो. स्वयंचलित तपासणी केंद्रांवर रोलरवर चाक फिरवून प्रत्येक चाकाचा ब्रेक यंत्राने मोजला जातो. तिथे यंत्राचा आकडा बोलतो, त्यामुळे मला ती पद्धत निरीक्षकाच्या नजरेपेक्षा अधिक भरवशाची वाटते. तुमच्या भागात असे केंद्र असेल तर तिथे मिळणारा तपासणीचा तपशील जपून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहा. ब्रेक उतरू लागला आहे हे तुम्हाला आधीच समजेल.

प्रश्न : माझ्या मोटारीची पीयूसी दर वर्षी वेळेवर होते. तेवढी तपासणी पुरेशी नाही का?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. पीयूसी केंद्रात नळी धुराड्यात घालून फक्त धूर मोजतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग आणि दिवे यांच्याशी त्या कागदाचा काहीही संबंध नाही. तुम्ही नांदेडचे आहात, म्हणजे हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागे अचानक येऊन पोहोचण्याचा अनुभव तुम्हाला असेलच. तिच्या मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, हे पाहून आपण जीव मुठीत धरतो. आपल्या मागून येणाऱ्याचीही तीच अवस्था होऊ शकते, कारण मागचा जळालेला बल्ब आपल्याला आतून दिसत नाही. आज रात्री गाडी घराच्या भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि ब्रेक दाबून आरशात पाहा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडायला हवा. एका बाजूला अंधार असेल, तर उद्या सकाळी कामावर जाण्याआधी तो बल्ब बदलून घ्या.