दहावीनंतर न्यू जर्सीला येणाऱ्या मुलीसाठी शाळा कशी बघावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांची बदली न्यू जर्सीत झालीय, लेक इंदूरला सीबीएसईची दहावी देतेय, ऑगस्टअखेर सगळे इकडे येणार, डिसेंबरात लग्नासाठी तीन आठवडे परत इंदूरला जायचा बेत. एडिसनच्या एका मोठ्या सरकारी हायस्कूलला कुठल्याशा वेबसाइटवर दहापैकी नऊ गुण दिसले, निम्म्याहून जास्त मुलं 'एशियन' दिसली, तर त्याच भागात घर घ्यावं का? माझं माहेर इंदूरच्या रामबागेतलं, मुलगा तुमच्या लेकीसारखाच दहावी करून इकडे आला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर तिथे घ्यायला हरकत नाही. पण नुसत्या नऊ गुणांपायी जास्तीचं भाडं मोजू नका. शाळा कशी शिकवते यापेक्षा तिथे कोणाची मुलं येतात, हेच त्या आकड्यात जास्त उतरतं. १९६६ साली जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकी सरकारसाठी देशभरच्या शाळांची मोठी पाहणी केली होती. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीवरून जास्त ठरतो, असं तेव्हाच निघालं. एडिसनला आईवडील आयटीत नाहीतर औषध कंपन्यांत, दोघंही शिकलेले, आणि शनिवारी मुलं गणिताच्या क्लासला. सरासरी चांगली येणारच की! त्यातून इकडे सरकारी शाळांचा मोठा खर्च घरपट्टीतून निघतो. चांगल्या आकड्याने घरं महागतात, महाग घरात पैसेवालेच येतात आणि आकडा आणखी चढतो.

वेबसाइटपेक्षा राज्याच्या शिक्षण खात्याचा 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' काढून वाचा, फुकट मिळतो. आपल्याकडे इंदूरला भंवरकुआंच्या चौकात क्लासवाल्यांची होर्डिंगं लागतात, त्यावर टॉपरांचे फोटो असतात आणि बाकीची मुलं जणू नव्हतीच. इकडे सगळ्यांचा निकाल छापावा लागतो, तोही गटागटाने: गरीब घरची मुलं, इंग्रजी नव्याने शिकणारी, अपंग, शिवाय वंशावार. २००२ मध्ये लागू झालेल्या कायद्याने हे बंधनकारक झालं आणि २०१५ च्या नव्या कायद्यातही ते टिकलं. मी आधी सरासरी बघतच नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांचा आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांचा निकाल बघते. तो बरा असेल तर शाळा खरंच काहीतरी करतेय. मग एपीचे किती विषय आहेत आणि त्यांना बसतात किती, ते बघते. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय. मे महिन्यात परीक्षा, गुण १ ते ५.

'एशियन' या रकान्याला फार भुलू नका. भारतीय, चिनी, कोरियन, फिलिपिनो, पाकिस्तानी सगळे त्या एकाच रकान्यात. भारतीयांतही एडिसन-आयसेलिनकडे गुजराती आणि तेलुगू मंडळी पुष्कळ. मराठी मुलं आहेत, पण ती बहुतेक इकडेच जन्मलेली. नुकत्याच आलेल्या मुलांना हीच आपली मुलं 'फॉब' (फ्रेश ऑफ द बोट, म्हणजे नुकतीच बोटीतून उतरलेली) म्हणून चिडवतात, हे आधीच सांगून ठेवते. चेहरे आपल्यासारखे दिसले म्हणून लेक लगेच मिसळेल असं धरून चालू नका. माझ्या मुलाची पहिली दोस्ती एका पोलिश आणि एका घानाच्या मुलाशी झाली, कारण तेही नवेच होते. क्रॉस कंट्री धावण्याच्या संघातून सहसा कोणाला वगळत नाहीत आणि त्याचा सराव ऑगस्टमध्येच सुरू होतो. धावायची आवड असो-नसो, नाव घाला.

आता खरी गोष्ट. दोन-अडीच हजार मुलांच्या शाळेत एकाच छताखाली चार शाळा चालतात म्हटलं तरी चालेल. साधा वर्ग, ऑनर्स म्हणजे त्याहून वरचा, एपी आणि कच्च्या मुलांचा वर्ग, सगळं वेगवेगळं. सरासरी गेली उडत, तुमच्या लेकीला कुठल्या पायरीवर बसवतात त्यावर तिची पुढची दोन वर्षं ठरतील. गणितात हे सगळ्यात जास्त. इकडे अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस अशी रांग असते. अकरावीत अल्जिब्रा टू मिळालं तर बारावीत प्रीकॅल्क्युलस, म्हणजे कॅल्क्युलस हुकलंच, आणि इंजिनिअरिंगला जायचं तर ते नडतं. आमच्या वेळी शाळेत विषय ठरवून देणाऱ्या काउन्सेलरबाईंनी मान वर न करता अल्जिब्रा टूवर खूण केली होती. आम्ही एनसीईआरटीची नववी-दहावीची पुस्तकं टेबलावर ठेवली. अनुक्रमणिकेतलं एकेक प्रकरण बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे चाचणी घेऊ म्हणाल्या. तुम्हीही पुस्तकं बरोबर आणा, रद्दीत घालू नका. आणि तिला ग्राफिंग कॅल्क्युलेटरची सवय आत्तापासून लावा. सीबीएसईत कॅल्क्युलेटर चालत नाही. इकडे एसएटीच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, स्क्रीनवर तो आयताच दिलेला असतो आणि सरावलेली मुलं त्यावर भराभर गणितं सोडवतात.

तिला बहुधा अकरावीत घालतील आणि ते वर्ष सगळ्यात जड. एसएटी त्याच वर्षी, हायस्कूल पास होण्यासाठीची राज्याची चाचणीही त्याच वर्षी (ती बीजगणित आणि भूमितीची, शिवाय इंग्रजी, तिला कठीण नाही). वर न्यू जर्सीत दोन वर्षं अमेरिकेचा इतिहास सक्तीचा. अकरावीत येणाऱ्याला तो दोन वर्षांत भरून काढावा लागतो, त्यात व्यायामाचा तास दरवर्षी आहेच. जन्मतारीख बघून दहावीत बसवता येईल का, हे शाळेला जरूर विचारा. इकडे २० वर्षांपर्यंत सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे, वर्ष गेलं म्हणून आभाळ कोसळत नाही. फक्त व्हिसाचा हिशोब मांडा: तुमच्या व्हिसावरचं मूल २१ पूर्ण झालं की त्यातून बाहेर पडतं, मग कॉलेजच्या मध्यातच तिला विद्यार्थी व्हिसा काढावा लागेल. माझं विचाराल तर जमलं तर दहावी घ्या.

इंदूर सोडायच्या आधी शाळेतून नववीची गुणपत्रिका सही-शिक्क्याची आणा. नववीचे गुण पुढे कोणी विचारत नाही हा आपला समज. इकडे कॉलेजवाले नववीपासूनची चारही वर्षं बघतात. 'विज्ञान' एकच विषय लिहिलेला असतो, म्हणून भौतिक, रसायन, जीवशास्त्र किती शिकवलं याचं इंग्रजी पत्र मुख्याध्यापकांकडून घ्या, नाहीतर बायोलॉजी पुन्हा करायला लावतील. लसींचं कार्ड आणा. मेनिंजायटिसची लस आपल्या नेहमीच्या यादीत नसते, इकडे लागते. टीबीची चाचणी सांगितली तर रक्तावरची मागा. बीसीजीमुळे हातावरची उगाच पॉझिटिव्ह येते.

घराचं म्हणाल तर एडिसनला दोन हायस्कूल आहेत, एडिसन हायस्कूल आणि जे. पी. स्टीव्हन्स. कुठलं मिळणार ते पत्त्यावरून ठरतं. भाडेकरार करायच्या आधी नेमका पत्ता स्कूल डिस्ट्रिक्टच्या (गावच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या) ऑफिसात फोन करून विचारा. एजंटच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. भाड्याने राहणाऱ्यांना हक्क सारखाच. काउंटीच्या वेगळ्या विज्ञान-गणित शाळांची नावं ऐकाल, पण त्यांची प्रवेश परीक्षा आठवीत होते, तो विषय सोडून द्या.

आणि ऑगस्टअखेर नको, जुलैत या. पुढच्या वर्षाचे विषय मुलं हिवाळ्यातच निवडून बसलेली असतात, उशिरा येणाऱ्याला उरलेलं मिळतं. मिस्टरांना महिनाभर आधी सुट्टी मिळत नसेल तर तुम्ही दोघीच पुढे या. डिसेंबरातल्या लग्नासाठी तीन आठवडे इंदूरला जायचा बेतही रद्द करा: वर्षाच्या १० टक्के दिवस गैरहजर, म्हणजे १८० पैकी १८, की मूल 'कायम गैरहजर' मोजलं जातं आणि शाळेची पत्रं सुरू होतात. तिची जन्मतारीख आणि दहावीला गणित बेसिक आहे की स्टँडर्ड, एवढं कळवलंत तर गणिताचं आणखी नेमकं सांगता येईल.