भावाच्या पैशाने माझ्या नावावर घेतलेला नागपूरच्या मानेवाडा रोडचा प्लॉट आयकर विभागाने बेनामी (पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं) म्हणून जप्त केलाय. आव्हान देता येईल का?

येईल, पण दिवाणी न्यायालयात नाही. बेनामी व्यवहार कायद्याच्या कलम ४५ ने तो रस्ता बंद आहे. ‘स्टे आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरी लढाई कलम २४ च्या नोटिशीच्या (मालमत्ता बेनामी का मानू नये, असं विचारणाऱ्या) उत्तरापासूनच सुरू होते.

आधी तारखा पाहा. नोटीस १ ऑक्टोबर २०२४ ची किंवा त्यानंतरची असेल तर ती ज्या महिन्यात निघाली तो महिना संपल्यापासून जप्ती ठेवायची की उठवायची हे ठरवायला अधिकाऱ्याला ४ महिने असतात. मुदत उलटली असेल तर तो मुद्दा पहिला घ्या. विक्रीपत्र १ नोव्हेंबर २०१६ पूर्वीचं असेल तर २०१६ ची दुरुस्ती लागू नाही, असा मुद्दाही मांडा. मात्र तसं म्हणणारा गणपती डीलकॉम खटल्याचा २०२२ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मागे घेतलाय, एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका.

तुमची मोठी अडचण भावाचे पैसे ही आहे. बायको-मुलांच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलं तर सूट आहे. भावाच्या बाबतीत कागदावर दोघांचीही नावं जोडमालक म्हणून लागतात. रक्कम खरोखर उसनी असेल तर बँकेच्या नोंदी, परतफेड आणि दोघांची रिटर्न्स जोडा. मागच्या तारखेचा स्टँप पेपर अजिबात करू नका. खोट्या माहितीला ६ महिने ते ५ वर्षं कैद आहे.

पैशांसोबत ताबाही पाहिला जातो. नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची) डिमांड नोट कोणी भरली, आरएल लेटरची (प्लॉट नियमित केल्याच्या पत्राची) मूळ प्रत कोणाच्या कपाटात आहे, मनपाच्या टॅक्सचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले? सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या जयदयाल पोद्दार निकालापासून हेच तपासतात, आणि बेनामी सिद्ध करण्याचं ओझं आरोप करणाऱ्यावर असतं. म्हणून विभागाने आधार घेतलेले कागद आणि जबाबांच्या प्रती लेखी मागा, जबाब देणाऱ्यांची उलटतपासणीही मागा.

पुढे मालमत्ता बेनामी आहे की नाही हे ठरवणारं निर्णय प्राधिकरण, मग ४५ दिवसांत दिल्लीचं अपील न्यायाधिकरण, त्यानंतर ६० दिवसांत उच्च न्यायालय, म्हणजे आपलं नागपूर खंडपीठ. अपिलाचा मार्ग सोडून थेट उच्च न्यायालयात केलेली रिट याचिका सहसा अधिकारक्षेत्राच्या दोषासारख्या अपवादात्मक कारणावरच टिकते.

आणि आता भावाला बक्षीसपत्र करून देऊ नका. नोटिशीनंतरचं हस्तांतरण या कारवाईत धरलंच जात नाही.