पहिला लेग मागू नकोस

प्रिय पोरी,

तुझा मेसेज सकाळी वाचला. रात्री पावणेबाराला एवढं लांबलचक लिहिणाऱ्या मुलीची झोप उडालेली असणार, हे मला कळतं. मेसेजभर एकच पंचनामा: परवाच्या ४ बाय १०० रिलेत बॅटन कुणाच्या चुकीने पडली. चौघींनी शंभर-शंभर मीटरचा एकेक टप्पा, म्हणजे लेग, पळायचा आणि हातातली नळी, म्हणजे बॅटन, पुढचीला द्यायची, एवढंच तर असतं रिलेमध्ये. तिसऱ्या लेगची तू लवकर सुटलीस की दुसऱ्या लेगच्या ताईचा हात पुरला नाही, तू हात मागे करावास म्हणून तिने 'हात' अशी हाक दिली की दिलीच नाही, मग तिने इन्स्टावर 'काही लोकांमुळे' अशी स्टोरी का टाकली. आणि अगदी शेवटी विनंती: 'सर, जिल्हा स्पर्धेत मला पहिला लेग द्याल का? म्हणजे बॅटन घ्यावी लागणार नाही.'

या सगळ्यावर येतो. आधी मला सांग, बॅटन पडल्यावर तू काय केलंस?

मी कुंपणाला टेकून उभा होतो, बरोब्बर तुमच्या झोनसमोर, म्हणजे बॅटन द्यायच्या-घ्यायच्या पट्ट्यासमोर. बॅटन एकदा उभी आपटली, मग आडवी झाली आणि घरंगळत शेजारच्या लेनच्या पांढऱ्या रेषेपाशी थांबली. तू दोन्ही हात डोक्यावर घेतलेस. ताईने कमरेवर ठेवले. तुम्ही एकमेकींकडे बघत राहिलात. आणि तिकडे वळणाच्या शेवटी चौथी मुलगी गुडघ्यात वाकून, मान मागे वळवून तुमची वाट बघत होती. सगळे संघ तिच्या बाजूने निघून गेले तरी ती तशीच वाकलेली. तिच्याकडे तुम्हा दोघींपैकी एकीनेही बघितलं नाही. मला राग आला तो याचा. बॅटन काय, पडतेच.

तू लिहितेस, 'पडल्यावर बाद झालोच होतो ना?' नाही! बॅटन पडली की संघ बाद, हे आपल्या मैदानांवर कुणी पसरवलंय देव जाणे; अगदी शिट्टी गळ्यात घातलेली माणसंसुद्धा 'आउट, आउट' ओरडताना मी ऐकली आहेत. नियम असा आहे की ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. उचलायला स्वतःची लेन सोडावी लागली तरी चालतं. दुसऱ्या कुणाला अडवायचं नाही आणि पळायचं अंतर कमी करायचं नाही, एवढंच. पुढे किंवा बाजूला उडाली असेल तर उचलून, जिथे ती शेवटची हातात होती तिथपर्यंत मागे यायचं आणि मग पुढे जायचं. आणि ती फक्त घेणाऱ्याच्या हातात आल्याशिवाय अदलाबदल पूर्ण झाली असं धरत नाहीत. तुमची तर दोघींच्या बोटांमधून निसटली. म्हणजे ताईने वाकायचं, उचलायची, झोन संपायच्या आत तुझ्या हातात द्यायची आणि तू पळायचं. झोन आता ३० मीटरचा आहे, पूर्वीसारखा २० चा नाही. जागा होती. वेळही होता. उचल, पळ, रेष ओलांड. मग बोल.

अमेरिकेच्या मुलींचं उदाहरण देतो, कारण तुला वाटतं हे असलं फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत होतं. रिओ ऑलिंपिक, ऑगस्ट २०१६, ४ बाय १०० ची प्राथमिक फेरी. दुसऱ्या लेगला ॲलिसन फीलिक्स, तिसऱ्याला इंग्लिश गार्डनर. ऐन अदलाबदलीच्या वेळी शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का फीलिक्सला लागला, तोल गेला, बॅटन खाली. तुमच्यासारखंच, दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये. गार्डनरच्या दृष्टीने सगळं संपलं होतं. फीलिक्सने तिला शर्यत पूर्ण करायला लावली. बाकीचे संघ कधीच पोचले होते, या आपल्या रिकाम्या ट्रॅकवर पळतायत. मग अमेरिकेने तक्रार केली, ती मान्य झाली आणि त्याच संध्याकाळी त्यांचा संघ ट्रॅकवर एकटाच धावला, ४१.७७ सेकंदात. चीनच्या मुलींची अंतिम फेरीतली जागा त्यामुळे गेली. त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय. अंतिम फेरीत अमेरिकेला सगळ्यात आतली, पहिली लेन मिळाली. सुवर्णपदक, ४१.०१.

आता यातली मेख बघ. धक्का लागला म्हणून पुन्हा पळायची परवानगी मागणाऱ्या संघाने सर्वसाधारणपणे मनापासून प्रयत्न करून शर्यत पूर्ण केलेली असावी, असं नियमातच लिहिलंय. फीलिक्सने तिथेच हात कमरेवर ठेवले असते तर कितीही खरा धक्का असला तरी तक्रारीत दम राहिला नसता. तुलाही शेजारच्या लेनवालीचं कोपर लागलं असं तू लिहिलंयस. लागलं असेलही. पण तुम्ही उभ्या राहिलात, आता ते कोपर कुणाला सांगणार?

तू म्हणशील, त्यांना पदक मिळालं म्हणून सर गोष्ट सांगतायत. बरं, पदक नसलेली सांगतो. बीजिंग, २००८. अमेरिकेच्या पुरुषांची आणि बायकांची, दोन्ही संघांची बॅटन एकाच संध्याकाळी पडली. बायकांमध्ये शेवटच्या लेगला लॉरिन विल्यम्स होती. चार वर्षांपूर्वी अथेन्सच्या अंतिम फेरीतही अदलाबदल फसली होती, तेव्हाही घेणारी तीच. म्हणजे तोंड लपवून निघून जायला तिच्याकडे तुझ्यापेक्षा मोठं कारण होतं. ती मागे वळली, बॅटन उचलली आणि रेषेपर्यंत पळत गेली. हाती काही लागलं नाही, संघ बाद झाला. तरी पळाली. पुढे २०१२ मध्ये लंडनला प्राथमिक फेरीत तीच शेवटच्या लेगला होती आणि त्या संघाचं सुवर्णपदक तिलाही मिळालं. नंतर तर बर्फावरच्या बॉबस्लेमध्येही रौप्य मिळवलं, असली बाई!

माझं हे वेड कुठून आलं ते तुला माहीत नाही. कॉलेजात असताना विभागीय स्पर्धेत मी शेवटच्या लेगला होतो, म्हणजे परवाच्या तुमच्या चौथीच्या जागी. अंतिम फेरीत पाचच संघ. आमची बॅटन दुसऱ्या बदलाला पडली आणि दोघं पोरं ट्रॅक सोडून गवतात जाऊन बसली. मी मात्र झोनमध्ये उभाच, कारण मला दिसलंच नव्हतं काय झालं ते. शर्यत संपली. थोड्या वेळाने पंचांनी दोन संघ झोनच्या बाहेर बदल केला म्हणून बाद केले. उरले दोन. सुवर्ण दिलं, रौप्य दिलं आणि कांस्यपदकं लाल मखमलीच्या पेटीत तशीच राहिली. आम्ही चालत चालत रेष ओलांडली असती तरी ती आमची होती. ती पोरं चांगली होती, एक जण अजून दिवाळीला फोन करतो. आम्ही त्या शर्यतीवर कधी बोललो नाही. मला ते पदक आजही हवंय, यात लपवण्यासारखं काय आहे?

म्हणून मी माझ्या पोरांना बॅटन पाडायला लावतो. 'पाड' म्हटलं की मुद्दाम पाडायची, ज्याची त्याने उचलायची, परत द्यायची आणि शेवटपर्यंत पळायचं. यावरून मला काय काय ऐकावं लागलंय! एका सहकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, 'सर, द्यायला शिकवायचं सोडून पाडायला शिकवताय?' एका पालकांनी तर मुख्याध्यापकांकडे तक्रार केली की हे सर मुलांच्या मनात अपयश भरवतात. भरवतो! पोहायला शिकवणारा आधी नाकातोंडात पाणी जाऊ देतो, तेव्हा कुणी तक्रार करत नाही. माझे संघ नेहमी जिंकतात असं नाही, फार वेळा हरलेच आहेत. पण माझ्याकडून बॅटन पाडायला शिकलेलं पोर गवतात जाऊन बसलेलं मला कुणी दाखवावं. तू आमच्याकडे दोनशे मीटरसाठी आलीस, रिलेच्या सरावाला कधी थांबली नाहीस, आणि कॉलेजच्या संघाने स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चौघींना एकत्र उभं केलं. तेव्हा परवाचं सगळं तुझ्या माथी मारत नाही. पण इथून पुढे मारेन.

एक अपवाद मान्य करतो. शरीरच मोडलं तर थांबायचं. मे २०२४, बहामामधल्या नासाऊची जागतिक रिले स्पर्धा. आपल्या ४ बाय ४०० च्या पहिल्या फेरीत दुसऱ्या लेगला राजेश रमेशच्या पायात गोळे आले आणि त्याला अर्ध्यातच थांबावं लागलं. भारताची शर्यत पुरी झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी आणखी एक संधी होती. अनस, अजमल, आरोकिया राजीव आणि अमोज जेकब उतरले, ३:०३.२३ वेळ देऊन दुसरे आले आणि पॅरिस ऑलिंपिकचं तिकीट काढलं. आदल्या दिवशी काय झालं त्याचा काथ्याकूट करत ते बसले असते तर? मला तरी वाटतं, त्या रात्री त्यांनी हिशेब बाजूला ठेवला असणार. तुझे पाय मात्र परवा ठणठणीत होते. उगाच त्या अपवादात शिरू नकोस.

आता चूक कोणाची. मला दिसली आहे. सांगणार नाही. एकच गोष्ट तपास: तुझी सुटायची खूण, ताई जिथे पोचली की तू पळायला लागायचं ती. ती तू आपल्या मातीच्या मैदानावर, फक्कीच्या रेषांमध्ये, पावलं मोजून ठरवली होतीस. बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवर तीच पावलं मोजून खुणेची टेप लावलीस. तिथे स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घातल्यावर तुझी सुटही बदलते आणि येणाऱ्याचा वेगही. स्पर्धेच्या ट्रॅकवर निदान एकदा पूर्ण वेगात बदल करून बघितल्याशिवाय त्या टेपवर विश्वास ठेवायचा नाही. आणि पळण्यापूर्वी तळहाताला माती चोळत होतीस, तेही बंद कर. पकड घट्ट व्हावी म्हणून हाताला काही लावायचं नाही, हाही नियमच आहे. घाम आला तर चड्डीला पुसायचा.

ताईच्या स्टोरीबद्दल मी तिच्याशी बोललो आहे. काय बोललो ते तिला विचार. तू मात्र चौथीला एक फोन कर. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये तिचं नाव एकदाही नाही.

आणि पहिला लेग तुला देणार नाही. पहिल्या लेगला पाय ब्लॉकवर टेकवून सुटावं लागतं आणि तुझी ब्लॉकमधली सुट साधारण आहे, हे तुलाही माहीत आहे. वळणावर मात्र तू उजव्या हातात बॅटन घेऊन आतल्या रेषेला अशी चिकटून पळतेस की तुझ्याइतकी चांगली तिसरी माझ्याकडे दुसरी नाही. भीती वाटते म्हणून जागा बदलून मागायची आणि मी ती द्यायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

शनिवारी सकाळी साडेसहाला ये. मातीतच आहे, साधे बूट चालतील. येताना टेपचं बंडल आण, मागचं तुम्हीच संपवलंत. ताई येणार आहे, चौथीलाही घेऊन ये. आधी अर्धा तास बॅटन पाडायची, उचलायची, रेषेपर्यंत जायचं. मग टपरीवर बसू, तिथे तुमचं भांडण ऐकतो, दोघींचं एकदम. चहाचे पैसे जी जास्त बोलेल तिने द्यायचे.

तुझे,
सर