कुराणावर चिंतन केल्याने माणसाचं वागणं खरंच बदलतं का?

तुम्ही विचारलंय की रोज कुराण वाचणाऱ्याच्या वागण्यात त्याने काही फरक पडतो का, की ती नुसती सवय होऊन बसते. माझ्या बाबतीत आधी सवयच झाली. फरक पडायला तीसेक वर्षं गेली.

आम्ही पिंजारी. अमळनेरला गाद्या भरायचं दुकान आहे. अब्बा धनुकलीवर कापूस पिंजायचे, मी मशीनवर पिंजतो. लहानपणी मदरशात तिसावा पारा, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला शेवटचा, पाठ केला. त्यात ८३ वी सूरह (अध्याय) येते, अल-मुतफ्फिफीन, ३६ आयतींची (वचनांची). सुरुवातीलाच म्हटलंय की मापात मारणाऱ्यांचा नाश ठरलेला आहे: जे लोकांकडून घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात. अरबीतून हे मला झोपेतही म्हणता यायचं. आणि त्याच वर्षांत मी लोकांच्या गाद्यांत जुना कापूस भरत होतो.

आमच्याकडे अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लग्नसराईत शेतकरी घरच्या कापसाची रुई घेऊन येतात, पोरीच्या आंदणात द्यायच्या गादीसाठी. बारा किलो रुई आली की त्यातली तीन किलो मी काढून ठेवायचो आणि मध्ये तेवढाच जुना, पुन्हा पिंजलेला कापूस घालायचो. वर-खाली पांढरीशुभ्र नवी रुई. खोळ शिवून दाभणाने टाके घातले की आत काय आहे ते कोण बघतं? काट्यावर वजन बरोबर भरायचं. त्यामुळे ‘मापात पाप’ हा शब्द मी स्वतःला कधी लावलाच नाही.

एका रमजानमध्ये फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, कुराणाचा मराठी अनुवाद घेऊन बसलो होतो. रोज थोडंच वाचायचं, पण थांबून वाचायचं असं ठरवलं होतं. (याला तदब्बुर म्हणतात. ४७ व्या सूरहमध्ये सवालच आहे की हे लोक कुराणावर विचार करत नाहीत, की काळजांना कुलुपं लागलीत?) ही सूरह आली आणि मी ‘घेताना’ या शब्दावर अडकलो. तोवर मला फक्त ‘देताना’ ऐकू येत होतं. मी स्वतः रुई विकत घेतो तेव्हा काटा शून्यावर आहे का ते आधी वाकून बघतो. हाताला ओली लागली तर वजन कापायला लावतो. घेताना इतका डोळ्यांत तेल घालून असणारा माणूस देताना कसा होता, हे त्या सकाळी पहिल्यांदा शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. पुढे चौथ्या आयतीत विचारलंय, आपल्याला पुन्हा उठवलं जाणार आहे असं यांना वाटत नाही का? कयामतवर, म्हणजे त्या शेवटच्या न्यायाच्या दिवसावर, माझं ईमान होतंच, पण ते दुकानाच्या उंबऱ्याबाहेर राहायचं. चौदाव्या आयतीत आहे की त्यांच्या कमाईचा गंज त्यांच्या काळजांवर चढलाय. गंजलेलं दाभण मला चांगलं माहीत आहे. ते खोळीत अडतं, जोर केला की कापड फाडतं.

मौलानांना विचारलं तेव्हा त्यांनी दुसरे खलिफा हजरत उमर यांची गोष्ट सांगितली. अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजला न आलेल्या एका माणसाला उमरांनी याच अर्थाचा शब्द वापरला होता, तू माप कमी भरलंस. जुन्या काळचे मोठे धर्मपंडित इमाम मालिक यांनी त्यावर नोंदवून ठेवलंय की पुरेपूर देणं आणि कमी देणं प्रत्येक गोष्टीत असतं. मग मला दुकानातला पोरगा आठवला. त्याने सकाळी नऊच्या ठोक्याला यावं आणि त्याचा पगार मात्र महिन्याच्या वीस तारखेला. तो पगार मी आता एक तारखेला देतो.

एक मला अगदी मनापासून वाटतं. आयत वाचल्यावर आधी शेजाऱ्याचं किंवा भावाचं तोंड डोळ्यांसमोर आलं, तर ते चिंतन नव्हे. मी कितीतरी वर्षं हीच सूरह म्हणताना कापसाच्या व्यापाऱ्यांना मनात शिव्या दिल्यात.

तौबा केली, पण मौलाना म्हणाले, बंद्याचा (माणसाचा) हक्क मारला तर तो त्या बंद्याकडूनच माफ करून घ्यावा लागतो. तीन किलो चांगली रुई गाडीवर बांधून एका शेतकऱ्याच्या गावी गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘आते सांगाले उना?’’ आत्ता सांगायला आलास? गादी पोरीच्या सासरी होती. मी तिथे जाऊन दुरुस्त करून देतो म्हटलं, तर त्याने हात वर केला. सासरी कळलं तर पोरीला बोल लागतील. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रुई त्याने आतून स्वतःचा काटा आणून मोजून घेतली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

घरी येऊन वहीत बाकीच्या गिऱ्हाइकांची नावं लिहिली. आठवली तेवढी एकवीस भरली. त्यातल्या अकरा जणांकडे जाऊन आलोय.