पाच माणसांच्या सेडानसाठी १.२ लिटरचं इंजिन पुरतं का, की १.५ घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एकाच सेडानमध्ये १.२ आणि १.५ लिटरचं साधं, म्हणजे बिनटर्बोचं (हवा दाबून आत ढकलणारा टर्बो पंखा नसलेलं) पेट्रोल इंजिन मिळतंय. घरात पाच माणसं. रोजचा वापर शहरात, महिन्यातून एक-दोनदा सगळे मिळून बाहेरगावी, वाटेत चढाचे रस्ते. मोठ्या इंजिनासाठी जादा पैसे मोजावेत का?

तुमच्या वापरात मी १.५ घ्या असंच म्हणेन. कारण टॉप स्पीड नाही की ब्रोशरमधला बीएचपीचा, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा, मोठा आकडाही नाही. सपाट रस्त्यावर ताशी १०० च्या वेगाने अशी सेडान नुसती पळवत ठेवायला इंजिनाकडून जेमतेम २० बीएचपी लागतात. तेवढं काम दोन्ही इंजिनं आरामात करतात. खरा फरक पडतो तो गाडी भरल्यावर, चढावर आणि ओव्हरटेक करताना. इंजिन निवडताना रोजचा सरासरी दिवस धरू नका, ठरावीक काळाने हमखास येणारा सगळ्यात जड दिवस धरा.

आधी वजन बघू. अशा सेडानचं रिकामं वजन ११०० किलोच्या आसपास असतं. पाच माणसांचे सव्वातीनशे किलो आणि डिक्कीतलं सामान धरलं की गाडी १५०० किलोवर जाते. १.२ मध्ये साधारण ८३ बीएचपी आणि ११२ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर), १.५ मध्ये ११८ बीएचपी आणि १४५ न्यूटन मीटर असं समजू. एकटा माणूस चालवत असेल तर १.२ ला टनामागे ७० बीएचपी मिळतात आणि गाडी हलकीफुलकी वाटते. तीच गाडी भरली की आकडा ५५ वर येतो. १.५ मात्र भरलेली असतानाही ८० च्या जवळ राहते. भरल्या गाडीला टनामागे ६० पेक्षा कमी असतील तर ती ओढत नाही असं जाणवतं, ७० च्या वर असतील तर चालवणाऱ्याला इंजिनाचा विचार करावा लागत नाही. हा माझा ढोबळ ठोकताळा आहे, पण तो सहसा चुकत नाही.

आता चढ. ६ टक्के चढावर, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर, ही १५०० किलोची गाडी ताशी ६० ने न्यायला इंजिनाकडून सुमारे २९ बीएचपी लागतात. एसी चालू असेल तर कॉम्प्रेसरचे ४ धरा, म्हणजे ३३. एखाद्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती बीएचपी मिळतात हे काढायला त्या आरपीएमचा टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७१२७ एवढंच करायचं. २००० आरपीएमला १.२ चा टॉर्क १०० च्या आसपास असेल, म्हणजे २८ बीएचपी. ३३ ला पाच कमी पडले, म्हणून चौथ्या गिअरमध्ये वेग हळूहळू उतरत जातो. १.५ त्याच आरपीएमला १३० न्यूटन मीटर देत असेल तर ३६ बीएचपी होतात आणि गाडी त्याच गिअरमध्ये चढते. १.२ चढत नाही असं नाही. तिसरा टाकून ३००० आरपीएमवर ठेवली की ४६ बीएचपी मिळतात आणि काम भागतं. फक्त पूर्ण चढभर इंजिनाचा आवाज सोबतीला असतो आणि गिअरवरचा हात सुटत नाही. उंची वाढते तसं हेही कमी होत जातं, कारण बिनटर्बोचं इंजिन समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला सुमारे १० टक्के ताकद गमावतं. मुळात राखीव कमी असलेल्या इंजिनाला ते जास्त झोंबतं.

ओव्हरटेकचा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुरक्षिततेचा आहे. भरलेली गाडी ६० वरून १०० वर न्यायला १.५ ला साधारण ७ सेकंद लागतील, १.२ ला ११. या ४ सेकंदांत तुम्ही जवळजवळ ९० मीटर जास्त चुकीच्या बाजूला असता. समोरून कुणी ८० ने येत असेल तर तेवढ्या वेळात तोही ९० मीटर जवळ येतो. म्हणजे १.२ घेऊन ओव्हरटेक करताना १८० मीटर जास्त मोकळा रस्ता दिसायला हवा. गंमत म्हणजे एकट्याने चालवताना तीच गाडी ८ सेकंदांत हे काम करते. त्यामुळे रोज एकटा चालवणारा माणूस त्याच अंदाजाने भरली गाडी बाहेर काढतो आणि मध्येच अडकतो. १.२ घेणार असाल तर ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: आधी गिअर खाली, मगच इंडिकेटर आणि बाहेर.

ॲव्हरेजबद्दल. शहरात लहान इंजिन खरंच कमी पितं. कमी लोडवर पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यात ताकद वाया जाते. मोठ्या इंजिनात ही नासाडी जास्त, शिवाय सिग्नलला उभं असतानाही ते जास्त पितं. पण पूर्ण लोडवर लहान इंजिनाला सतत वरच्या आरपीएमला राहावं लागतं, थ्रॉटल पूर्ण उघडला की मिश्रणात पेट्रोलही जास्त जातं, आणि तिथे हा फायदा जवळजवळ संपतो. हिशोब लिटरमध्येच करा. वर्षाला १२,००० किलोमीटर, एकीचं ॲव्हरेज १६ आणि दुसरीचं १४ धरलं तर ७५० आणि ८५७ लिटर, म्हणजे वर्षाला शंभरेक लिटरचा फरक. त्यात गाडीच्या किमतीतला फरक मिळवा, तुमच्याकडे विमा किंवा कर सीसीवर (इंजिनाच्या आकारावर) ठरत असेल तर तोही. एवढी रक्कम वर मांडलेल्या फरकासाठी द्यावीशी वाटते का, हे तुम्हालाच ठरवायचं आहे.

लहान इंजिन लवकर खराब होतं, या समजात तथ्य नाही. चढावर ३५०० आरपीएमने चाललं म्हणून इंजिनाला काही होत नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं. त्याला मारक ठरते ती ॲव्हरेजच्या हौसेपायी वरच्या गिअरमध्ये १२००-१३०० आरपीएमवर पाय दाबत रेटायची सवय. त्याने नॉकिंग होतं, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकतं, क्लच आणि इंजिन माउंटिंगला हिसके बसतात, आणि गाडी तरीही पुढे जात नाही.

त्याच शोरूममध्ये १ लिटर टर्बोचा पर्याय असेल तर सीसी विसरून जा. असं इंजिन साधारण १७० न्यूटन मीटर टॉर्क १७००-१८०० आरपीएमलाच देतं, त्यामुळे चढावर ते बिनटर्बोच्या १.५ ला मागे टाकतं आणि उंचीचा त्रासही त्याला कमी होतो. पण ते निगा मागतं. १५०० आरपीएमच्या खाली ते मंद असतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात कमी आरपीएमला जोरात पाय दिला तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि त्या दणक्याने पिस्टन फुटू शकतो. म्हणून तिथे मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑइल वापरायचं. एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा २०२० पासून आहे आणि त्यात याच दोषाची चाचणी घेतली जाते. लांब चढ चढून थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच करपतं. आणि इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट (पट्टा) आहे की चेन, तेही विचारा. काही लहान टर्बो इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. चुकीचं ऑइल पडलं की त्याचा चुरा होऊन ऑइल पंपाची जाळी तुंबते, मग इंजिन वाचवणं अवघड होतं.

गिअरबॉक्स इंजिनापेक्षा वेगळा बघू नका. कमी टॉर्कचं १.२ आणि चार किंवा पाच गिअरचा संथ ऑटोमॅटिक ही जोडी भरल्या गाडीला सगळ्यात वाईट, कारण नेमका गरजेच्या वेळी गिअर बदलायला एक-दीड सेकंद जातो. ऑटोमॅटिकच हवा असेल तर १.५ चा माझा आग्रह आणखी वाढतो. कंपन्या बऱ्याचदा मोठ्या इंजिनासोबतच मागचे डिस्क ब्रेक, रुंद टायर किंवा जास्त एअरबॅग देतात, तेव्हा स्पेसिफिकेशनचा कागद ओळीने वाचा. किमतीतला सगळा फरक इंजिनाचाच नसतो.

१.२ कुणी घ्यावं? ज्यांची गाडी वर्षातून तीन-चारदाच भरते, रस्ते सपाट आहेत किंवा महामार्ग दुभाजकाचे आहेत, त्यांनी बिनधास्त घ्यावं.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समनसोबत एकटे जाऊ नका, घरच्या चौघांना घेऊन जा. एसी पूर्ण चालू ठेवा. एखाद्या चढावर किंवा उड्डाणपुलावर गाडी थांबवून पुन्हा उचला आणि क्लच किती जाळावा लागतो ते बघा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून पूर्ण पाय दाबा, ८० पर्यंत किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या कुणाला तरी मोजायला सांगा. दोन्ही इंजिनं त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांनिशी चालवा. शेवटच्या गिअरमध्ये १०० वर असताना टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) बघा: ३००० च्या वर असेल तर लांबच्या प्रवासात तो आवाज तासन्‌तास कानात राहणार. आणि टेस्टला दिलेली गाडी ज्या इंजिनाची आणि ज्या गिअरबॉक्सची आहे, तीच तुम्ही बुक करताय ना, हे आधी विचारून घ्या. शोरूमकडे बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटचीच गाडी टेस्टसाठी ठेवलेली असते.