बायकोचं नाव आत्ताच टाक

अरे, तुझा मेसेज रात्री वाचला आणि खरं सांगतो, काळजी वाटली. ४८५ चा (म्हणजे ऑस्ट्रेलियात शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या ग्रॅज्युएट व्हिसाचा) अर्ज आधी एकट्याचा टाकतो, हिचं नंतर बघू, पैसे वाचतील, असं प्लीज करू नकोस. ती आत्ता मेलबर्नला तुझ्याच स्टुडंट व्हिसावर डिपेंडंट आहे ना? तो संपला की तुला ब्रिजिंग (निर्णय येईपर्यंत राहायचा मधला व्हिसा) मिळेल कारण अर्ज तू केलायस, तिने कुठे केलाय? तुझा व्हिसा ग्रँट झाल्यावर तिला मागून घालता येतं हे खरंय, पण तो वेगळा अर्ज, वेगळी फी आणि व्हिसा संपणार तुझ्याच तारखेला, म्हणजे जितका उशीर तितके तिचे नोकरीचे महिने गेले. एकत्र अर्जात तिची फी तुझ्या साधारण निम्मी पडते.

आता नावाचं बघ, कारण आपल्या लोकांचं इथेच अडतं. माझ्या बायकोच्या पासपोर्टवर तिच्या बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव, बँकेत माझं आडनाव, आणि मी अर्जात फक्त पासपोर्टचं नाव लिहून मोकळा झालो. समोरच्या ऑफिसरला कसं कळणार की दोन्ही एकच बाई आहे? जादा कागद मागितले आणि गावाकडे माझ्या वडिलांना उन्हातान्हात खेपा घालाव्या लागल्या, ते अजून मनाला लागतं. आधी दुसरं कुठलं नाव होतं का असं अर्जात विचारतात, तिथे सगळी नावं लिही. लग्नाची नोंदणी झालेलं सर्टिफिकेट लाव, नुसतं मराठीत असेल तर भाषांतर करून घे. लग्न झालंय म्हणून १२ महिने एकत्र राहिल्याची अट तुम्हाला नाही, ती डी फॅक्टोवाल्यांना, म्हणजे लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना.

हेल्थ इन्शुरन्सच्या पत्रावर दोघांची नावं हवीत, मेडिकल आणि पोलिस चेक तिचाही. आणि अर्जाची मुदत कोर्स पूर्ण झाल्यापासून ६ महिने, पदवीदान समारंभापासून नाही हं!

आईचं विचारलंस. नाही रे, आईवडील यात बसत नाहीत, जोडीदार आणि अवलंबून असलेली मुलं एवढंच. ती तिकडे एकटी आहे म्हणून तुझा जीव तुटतो ते कळतंय मला, तिच्यासाठी ६०० नंबरचा व्हिजिटर व्हिसा वेगळा करू, त्यात मी मदत करतो.

उद्या बायकोच्या पासपोर्टचा आणि मॅरेज सर्टिफिकेटचा फोटो पाठव, नावं मी स्वतः ताडून बघतो.