जुन्या एचएमटीच्या सायलेन्सरसाठी एफडी मोडावी का?

वाळवा तालुक्यातल्या एका शिक्षक वाचकांनी लिहिलंय: "वडिलांनी १९७८ साली घेतलेला एचएमटी २५११ अजून आमच्या चार एकर उसात राबतो. वडील ७२ वर्षांचे. ट्रॅक्टर तेच चालवतात आणि हल्ली त्यांना फोनवरचं नीट ऐकू येत नाही. सायलेन्सर सडलाय, आवाजाने कानठळ्या बसतात. फॅब्रिकेशनवाल्याने स्टेनलेसमध्ये सगळं करून द्यायचे ४२,००० सांगितलेत. दीड लाखाची एफडी आहे ती मोडू, की मंडळींचं सोनं गहाण ठेवू? पुढे व्हिंटेज म्हणून किंमतही चांगली येईल असं मित्र म्हणतात."

सर, एफडीही नको आणि सोनंही नको. पण काम पुढे ढकलू नका. ते ४२,००० चं नाहीच, साधारण १५,००० चं आहे.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी फोडून बघितलं. मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग, उतरवून फेसिंग (त्याचं तोंड सपाट करणं), नवे स्टड (तो आवळणारे बोल्ट) आणि पॅकिंग ६,०००. स्पार्क अरेस्टर, म्हणजे धुरातल्या ठिणग्या अडवणारा भाग, ३,०००. पाइपाभोवती हात भाजू नये म्हणून जाळी १,५००. स्टेनलेसचा पाइप आणि दोन कप्प्यांचा सायलेन्सर २४,५००. बॉनेटला रंग आणि क्रोमची टोपी ७,०००. पहिल्या तीन गोष्टी गरजेच्या आहेत, शेवटची निव्वळ हौस. खरा प्रश्न आहे तो मधल्या २४,५०० चा.

त्याआधी एक करा. संध्याकाळी इंजिन गार असताना बॉनेट उचला आणि मॅनिफोल्ड जिथे हेडला बसतो तिथे बॅटरी मारा. पॅकिंगच्या कडेने काजळीचा काळा ओघळ दिसला तर धूर आणि आवाज दोन्ही तिथूनच फुटतायत. मग वर सोन्याचा सायलेन्सर बसवला तरी फरक पडणार नाही. शिवाय तो धूर थेट वडिलांच्या तोंडावर येतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. बिडाचा मॅनिफोल्ड इतक्या वर्षांनी तडकलेलाही असू शकतो, आणि स्टड काढताना एखादा आत तुटला की मिस्त्रीचा दिवस जातो. म्हणून ६,००० च्या जागी ८,००० धरून चला. एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळे कंपनीचा माल म्हणून जो मिळतो तो बहुतेक जुना साठा नाहीतर डुप्लिकेट. विकत घेताना जुना नग सोबत नेऊन भोकं जुळतात का ते बघा.

आता आवाज. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेने होत नाही. समजा, पंखा, गिअर आणि इंजिनची खडखड मिळून ९३ डेसिबल आहे आणि सडक्या सायलेन्सरचा आवाज ९६. दोन्ही मिळून साधारण ९८ होतात. ३,००० च्या साध्या सायलेन्सरने धुराड्याचा आवाज ८६ वर आला तर एकूण आवाज ९४ च्या आसपास येतो. २४,५०० च्या सायलेन्सरने तो ७६ वर आणला तरी एकूण उरतो ९३, कारण पंखा आणि गिअर ओरडतच राहतात. म्हणजे आठपट पैसे मोजून मिळाला जेमतेम एक डेसिबल! हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या ट्रॅक्टरचे थोडे वेगळे असतील. गणित मात्र असंच चालतं.

फॅब्रिकेशनवाला म्हणेल, स्टेनलेस सडत नाही. बरोबर आहे. पण साधा सायलेन्सर तोच ३,००० ला देतोय. २४,५०० त असे आठ येतात. एक चार हंगाम टिकला असं धरलं तरी ३२ वर्षांची सोय झाली. वर दोन कप्प्यांच्या सायलेन्सरचं माप चुकलं तर धूर तुंबतो, इंजिन तापतं आणि ट्रॉली चढाला लागली की दम टाकतं.

कानासाठी खरा उपाय कानावरच आहे. चांगल्या इअरमफच्या दोन जोड्या १,५०० त येतात. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलच्या आवाजात आठ तास, ९५ ला चार आणि १०० ला फक्त दोनच तास काम चालतं. शेतात मोजायला कोणी येत नाही, म्हणून आपणच मोजायचं. एवढंच की इअरमफ घातल्यावर मागून कुणी हाक मारली तर ऐकू येणार नाही, तेव्हा रिव्हर्स घेताना माणूस समोर उभा ठेवा.

स्पार्क अरेस्टरवर मात्र काटकसर नको. पाचटात उडालेली एक ठिणगी पुरते. तुमच्या ट्रॅक्टरला थर्ड पार्टी विमा आहे म्हणता. स्वतःचा ट्रॅक्टर जळाला तर त्यात काही मिळत नाही. आणि शेजाऱ्याचा फड पेटला तर तो वाद गावातच मिटवावा लागतो, स्वस्तात मिटत नाही.

एकूण खर्च असा: मॅनिफोल्ड ६,०००, अरेस्टर ३,०००, जाळी १,५००, साधा सायलेन्सर ३,०००, इअरमफ १,५००. झाले १५,०००. तुमची महिन्याची शिल्लक ९,००० आहे, म्हणजे दोन पगारांत काम उरकतं. स्टडसाठी धरलेले वरचे २,००० ही त्यातच बसतात.

एफडी मोडण्यात व्याजाचं फार नुकसान नाही. बँक अर्धा-एक टक्का कापेल. ४२,००० वर ते वर्षाला चारशेच्या घरात. माझा आक्षेप वेगळा आहे. घरखर्च महिन्याला ४५,०००, आणि जूनमध्ये लेकीची ६०,००० फी याच एफडीतून जाणार आहे. त्यात हे ४२,००० गेले तर हातात ४८,००० उरतात, जेमतेम एका महिन्याचे. उसाचं बिल कायद्याने १४ दिवसांत यायला हवं. ते कसं आणि किती हप्त्यांत येतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत!

फारच अडलं तर सोन्याआधी किसान क्रेडिट कार्डाकडे बघा. त्याची मर्यादा ठरवताना शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी पीकखर्चाच्या २० टक्के धरलेले असतात. पीककर्ज वेळेत फेडलं की केंद्राच्या सवलतीने व्याज ७ वरून ४ टक्क्यांवर येतं आणि पंजाबराव देशमुख योजनेत ३ लाखांपर्यंत तेही राज्य उचलतं. मुदत चुकली की मात्र सगळी सवलत गेली.

व्हिंटेजचं डोक्यातून काढा. २०२१ चे नियम ५० वर्षांहून जुन्या, खाजगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. हौशी गिऱ्हाईक भेटलंच तर त्याला मूळ रूप हवं असतं, क्रोमची टोपी नाही. त्यापेक्षा आरसी तपासा. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि ट्रॅक्टरलाही सायलेन्सर असणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनी बंधनकारक आहे, तेव्हा "नुसता पाइप ठेवू" म्हणणाऱ्या मिस्त्रीचं ऐकू नका.

एक खर्च तुमच्या यादीत नाही: वडिलांची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभाग आहे. काम सुरू करायच्या आधी त्यांना तिथे दाखवून आणा. यंत्र लागलं तर दोन्ही कानांचं मिळून पन्नास हजारांच्या पुढे सहज जातं. स्टेनलेस आणि रंगाचे वाचलेले पैसे निदान तो रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्या कशात घालू नका.